क्लेम नाकारला, गाडी दारात उभी : दान करावी का? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या ऑगस्टअखेर, ऐन जन्माष्टमीच्या दिवसांत, विश्वामित्री नदीनं काळा घोडा पुलाजवळची २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ३५ फुटांच्या वर जाऊन थांबली. सोसायट्यांच्या बेसमेंटमधल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात गेल्या. पाणी ओसरलं, गाळ उपसला, आणि मग विमा कंपन्यांची पत्रं यायला लागली. तेव्हापासून एक प्रश्न कानावर पडतोच आहे : "पैसे तर मिळत नाहीत, मग देऊन टाकू का कुठल्या तरी संस्थेला? निदान पुण्य तरी लागेल." त्याभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडी पुरात गेली असो, हायवेवर ठोकली असो की वायरिंगला आग लागून जळली असो, बहुतेक उत्तरं तीच आहेत.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र हातात आहे. गाडी आजच देऊन मोकळं व्हावं का?

नको. ती गाडी तुमचा पुरावा आहे. पुढे तक्रार केलीत तर कंपनी पुन्हा पाहणी मागू शकते, तुम्हालाही स्वतंत्र सर्व्हेअरकडून, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून, अहवाल घ्यावासा वाटू शकतो. गाडी कुणी तरी नेऊन तोडलेली असेल तर दाखवणार काय?

हिशेबाचाही मुद्दा आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. उद्या निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनी एक तर सांगाडा ताब्यात घेऊन पूर्ण रक्कम देईल, नाही तर सांगाड्याची किंमत वजा करून उरलेली देईल. सांगाडा आधीच दान करून बसलात, तर त्याची किंमत तुमच्याच रकमेतून कापली जाणार. दान महागात पडलं म्हणायचं.

पत्रात इंग्रजीत बरंच काही लिहिलंय. नेमकं काय नाकारलंय हे कसं ओळखायचं?

इथे जरा वेळ काढा, कारण निम्मे लोक पत्राची पहिली ओळ वाचून कपाळाला हात लावतात आणि कागद कपाटात टाकतात.

पहिल्यांदा पॉलिसी काढा आणि ती कसली आहे ते बघा. सप्टेंबर २०१८ पासून नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीचा, एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे "आपला तर तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे" अशा समजुतीत पुष्कळ जण राहतात. प्रत्यक्षात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, भाग बहुतेकदा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी भांडायला जागाच नाही. मग तक्रारीत वेळ न घालवता गाडी देण्याबद्दलच्या पुढच्या प्रश्नांकडे वळा.

पॉलिसी पूर्ण असेल तर पत्रात कुठली अट दाखवली आहे ती शोधा. नेहमीची कारणं ठरलेली : लायसन्सची मुदत संपलेली, दारू पिऊन चालवणं, खाजगी गाडी भाड्यानं फिरवणं, सीएनजी किट बसवून कळवलं नाही, जुनी गाडी घेतली पण १४ दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेतली नाही, मागच्या क्लेमची माहिती लपवून नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) घेतला, उशिरा कळवलं. शेवटचं कारण सगळ्यांत लेचंपेचं. क्लेम खरा असेल आणि उशिराला पटण्याजोगं कारण असेल, तर केवळ उशीर म्हणून तो फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. पुराच्या त्या आठवड्यात लाइट नाही, फोन चार्ज नाही, रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि नदीतल्या मगरी थेट सोसायट्यांमध्ये. अशा वेळी फोन का केला नाही हे समजावून सांगायला वकील लागत नाही.

पुरातल्या गाड्यांचं कारण मात्र वेगळं. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये जातं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून सेल मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते, हे पुरानं झालं नाही, तुम्ही सेल मारल्यामुळे झालं. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण, नसेल तर इंजिनाचे पैसे अडतात ते इथे. पण इंजिन नाकारलं म्हणजे सगळी गाडी नाकारली असं नव्हे. सीट, कार्पेट, वायरिंग, दरवाज्यांच्या मोटारी, म्युझिक सिस्टिम हे सगळं पाण्यानंच खराब झालंय, तिथे सेलचा संबंध नाही. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यात काय काय मोजलंय आणि काय वगळलंय ते ओळीनं तपासा.

दाद कुठे मागायची?

आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. ईमेल चालेल, नुसता फोन चालणार नाही. सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील चालत नाही, स्वतःचं म्हणणं स्वतःच मांडायचं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला मात्र तो न पटल्यास पुढे जाता येतं.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी बडोद्यातच. मुदत दोन वर्षं. फी तुम्ही भरलेल्या प्रीमियमवर ठरते आणि ५ लाखांपर्यंत काहीच नाही, म्हणजे घरगुती गाडीला शून्य. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. माझं मत विचाराल तर आधी लोकपाल.

तोपर्यंत गाडी ठेवायची कुठे? गॅरेजवाला पार्किंगचे पैसे लावतोय.

खरी अडचण हीच. मकरपुऱ्याच्या गॅरेजमध्ये पडलेली गाडी रोजचं भाडं खाते, सोसायटीत आणली तर सेक्रेटरी नोटीस लावतात. यावर उपाय असा : कंपनीला ईमेल करा की गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, पुन्हा पाहणी करायची असेल तर अमुक तारखेपर्यंत करा, त्यानंतर मी ती विकणार किंवा देणार आहे. वाजवी मुदत द्या. त्याआधी परवानाधारक सर्व्हेअरकडून अहवाल करून घ्या आणि भरपूर फोटो काढून ठेवा : चेसिस नंबर, ओडोमीटर, फ्यूज बॉक्समधला गाळ, दरवाज्याच्या आतल्या बाजूला उमटलेली पाण्याची रेघ. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या पट्ट्यावर कुठवर चिखल चढलाय ते तिथे अगदी स्पष्ट दिसतं, आणि ही जागा धुवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एवढं केल्यावर गाडी गेली तरी तक्रार उभी राहू शकते.

अमेरिकेत माझ्या दिरांनी मोडकी गाडी संस्थेला दिली आणि टॅक्समध्ये सूट घेतली. इथे मिळते का?

नाही. तिकडची रीत तिकडे. तिथे संस्था बंद पडलेल्या गाड्या उचलतात, लिलावात विकतात आणि किमतीचा दाखला देतात. गाडी ५०० डॉलरच्या वर विकली गेली तर साधारणपणे विक्रीतून आली तेवढ्याच रकमेची वजावट मिळते, तीही खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यालाच. इंटरनेटवर 'कार डोनेशन' शोधलंत की हीच माहिती समोर येते आणि माणूस गोंधळतो.

आपल्याकडे ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती आयकरातली सवलत फक्त पैशाच्या दानाला आहे. गाडी, धान्य, कपडे, ब्लँकेट, वस्तुरूपातलं काहीही त्यात बसत नाही. संस्थेनं गाडीची किंमत घालून ८०जीची पावती देऊ केली तर ती घेऊ नका, पुढे तुम्हालाच त्रास. शिवाय नवी कररचना निवडली असेल तर पैशाच्या दानालाही ही सूट नाही.

सूट हवीच असेल तर सरळ वाट आहे : गाडी विका, आलेले पैसे चेकनं किंवा यूपीआयनं संस्थेला द्या. रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर सूट जाते. संस्थेकडून सूट घेण्यासाठीचं देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्म्याचीच वजावट मिळते, हेही आधीच ठाऊक असू द्या. घरगुती वापराच्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. धंद्याच्या नावावर असेल तर सीएला विचारा.

टॅक्सचं जाऊ द्या. संस्थेला गाडीच द्यायची असेल तर संस्था घेईल का?

फोन केलात तर तोंडावर नाही कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे 'धर्माची गाय अन् दात का गं नाय' असं विचारायची पद्धत नाही. पण ट्रस्टींच्या जागी बसून बघा. बंद गाडी दारात आली. ती ओढून आणायचा खर्च, नावावर करायचा खर्च, विमा, दुरुस्ती, आणि नाहीच चालली तर भंगारवाला शोधायची कटकट. ज्या वृद्धाश्रमाला महिन्याचा किराणा जुळवताना नाकी नऊ येतात, त्याच्या गळ्यात आपली अडचण बांधायची आणि वर पावतीही मागायची, हे मला पटत नाही. दान आपल्या घरातली जागा रिकामी करण्यासाठी नसतं. गाडी विकून आलेले पैसे त्या आश्रमाला किती तरी जास्त उपयोगी पडतात, आणि तुमचं काम एका खेपेत होतं.

तरीही संस्था खुशीनं घेत असेल तर तीन गोष्टी मागा : धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा क्रमांक, गाडी स्वीकारत असल्याचा विश्वस्तांचा ठराव, आणि गाडी जशी आहे तशी घेतल्याचं लेटरहेडवरचं पत्र. ठरावाला टाळाटाळ झाली तर समजा, गाडी ट्रस्टला नको आहे, कुणा एकाला हवी आहे.

आयटीआयला शिकवायला देता येईल?

ही कल्पना मला सगळ्यांत आवडते. मोटर मेकॅनिकच्या पोरांना उघडायला, खोलायला, पुन्हा जोडायला खरी गाडी लागते, आणि ती चालली पाहिजे असं काही नाही. वाकलेला कनेक्टिंग रॉड हातात घेऊन जे कळतं ते फळ्यावरच्या आकृतीतून कळत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेही असं हातानं शिकण्यासाठीच. बडोद्यात तरसाली आणि गोरव्याला सरकारी आयटीआय आहेत, पॉलिटेक्निक आहे, खाजगी संस्थाही आहेत.

सरकारी संस्थेत मात्र प्राचार्य मनात आलं म्हणून गाडी आत घेऊ शकत नाहीत. लेखी अर्ज द्या, सोबत आरसी बुकाची प्रत आणि फोटो जोडा, आणि उत्तराची वाट बघा. मंजुरीचं पत्र आल्याशिवाय क्रेन बोलावू नका. गाडी रस्त्यावर पुन्हा येणार नसल्यामुळे इथे नोंदणी रद्द करून देणं उत्तम. कायद्यानं (मोटार वाहन कायदा, कलम ५५) गाडी कायमची निकामी झाली की मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतंच.

दुरुस्त करून ॲम्ब्युलन्स म्हणून द्यावी असं आमच्या मंडळाच्या मनात आहे.

ठोकलेली गाडी असेल आणि चेसिस सरळ असेल तर विचार करता येईल. टपापर्यंत बुडालेली असेल तर कृपा करून नको. वायरिंगच्या जोडांमध्ये गेलेलं पाणी महिनोन्महिने गंज चढवत राहतं. एअरबॅगचं युनिट सीटखाली किंवा गिअरजवळ खालीच असतं, ते बुडालेलंच. गाडी चार महिने झक्क चालते आणि एका रात्री, पेशंट मागे असताना, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात. गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे यात घालण्यापेक्षा चालू ॲम्ब्युलन्सचं डिझेल पुरवा.

आरसीवरचं नाव बदलायलाच हवं का? "आम्ही करून घेऊ" असं म्हणतात.

हवंच, आणि तुमच्या डोळ्यांदेखत. नावबदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सह्या करून देण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती इथे घातक. गाडी कुणी चालवायला काढली, कुणाला ठोकली, तर नुकसानभरपाईसाठी कायदा नोंदणीकृत मालकालाच धरतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाडी विकली होती, दान केली होती, चावी दिली होती, काही ऐकून घेतलं जात नाही. चलनंही तुमच्याच मोबाइलवर येणार.

राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. जीजे-०६ च्या गाड्यांसाठी आरटीओ दरजीपुऱ्याला. बरंचसं काम 'वाहन' पोर्टलवर होतं. संस्था महाराष्ट्रातली असेल तर आधी फॉर्म २८ वर एनओसी. थकलेली चलनं भरूनच जा, नाही तर खेटे घालावे लागतील.

गाडीवर लोन आहे.

मग ती गाडी बँकेची परवानगी असल्याशिवाय तुमची नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं होईल. आधी लोन फेडा, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, आरसीवरचा बोजा उतरवा, मग पुढचं. गाडी बंद आहे म्हणून हप्ते थांबत नाहीत, हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

गाडी भंगारातच जाणार असेल तर?

रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, मग तो चार पैसे जास्त देत असला तरी. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. ते दाखवून नवीन खाजगी गाडी घेतलीत तर नोंदणी फी माफ होते आणि वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. गाडी तोडल्यावर स्क्रॅपिंगचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते आणि तुमचं नाव कायमचं सुटतं.

भाव नुसत्या वजनावर ठरवू देऊ नका. बॅटरी, टायर, अलॉय व्हील वेगळे मोजतात. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर विसरूच नका, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. भंगारवाला सगळ्यात आधी खाली वाकून तोच बघतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

संस्थेऐवजी आमच्या ड्रायव्हरला किंवा गॅरेजच्या मुलाला दिली तर?

द्या की! जो स्वतः हातानं दुरुस्त करू शकतो त्याच्यासाठी तीच गाडी सोन्याची. आयकराच्या भेटवस्तूंच्या यादीत मोटारगाडी येत नाही, त्यामुळे घेणाऱ्यालाही कर नाही. फक्त साध्या कागदावर "पुरात बुडालेली, इंजिन बंद, जशी आहे तशी दिली" असं लिहून दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ टाका. नावावर करण्याचे नियम वर सांगितले तेच. एअरबॅगचं युनिट बुडालेलं आहे, हे मात्र त्याला तोंडी नीट सांगा, त्या कागदावरही लिहा.

गाडी सासऱ्यांच्या नावावर होती, ते गेले.

मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची. त्याआधी ती कुणालाच देता येत नाही. बाकीच्या वारसांची संमती लेखी घ्या. भंगार म्हणून पडलेल्या गाडीवरून भावाभावांत जे ऐकायला मिळतं ते चांगल्या गाडीवरून मिळत नाही.

"ट्रस्टमधून बोलतोय, गाडी फुकट उचलून नेतो" असा फोन आलाय.

पुरानंतर असे फोन वाढतात. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक विचारा, लेखी पत्र मागा. बहुतेक वेळा तिथेच फोन कट होतो. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नका, हस्तांतराची ऑनलाइन मंजुरी त्याच ओटीपीवर चालते. आरसी बुकाची मूळ प्रत पाहणीसाठी म्हणून हातात देऊ नका.

गाडी गेली. आणखी काही राहिलं?

फास्टॅग बंद करा, बँकेच्या ॲपवरून होतं. विमा कंपनीला हस्तांतराची किंवा नोंदणी रद्द झाल्याची प्रत पाठवून पॉलिसी बंद करायला सांगा, उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मिळतो का तेही विचारा. लोकपालांकडे किंवा आयोगात तक्रार चालू असेल तर ही विनंती ईमेलवर करा आणि त्यात "क्लेमची तक्रार कायम आहे" ही ओळ घाला. नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. त्याचं राखीव पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं नव्या गाडीच्या विम्याला चालतं. सर्व्हेअरचा अहवाल, फोटो आणि नकाराचं पत्र एका फायलीत घालून ठेवा. लोकपालांकडून सुनावणीची तारीख येईल तेव्हा ती फाईल लागेल.